संगणकातले लोखंड आणि हातातले लोखंड

संगणकावर लोखंड तयार करायला अर्धे मिनिट पुरते. विद्युतचुंबकीय आराखड्यांचे सॉफ्टवेअर उघडायचे, पदार्थांच्या यादीत एक नवी नोंद करायची, तिला नाव द्यायचे आणि ‘सापेक्ष पार्यता’ या चौकटीत एक आकडा टाकायचा. कोणी ४००० टाकतो, कोणी १०००. आकडा खरा आहे का, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. गणित सुटते, पडद्यावर निळ्या-तांबड्या रंगांचे देखणे चित्र उमटते आणि ते चित्र विद्यार्थ्याच्या प्रकल्प अहवालात, कारखान्याच्या निविदेत किंवा रुग्णालयाच्या बांधकामाच्या फायलीत जाऊन बसते. माझे म्हणणे एवढेच आहे की, तो आकडा कुठून आला हे सोबत लिहिलेले नसेल, तर ते चित्र पुरावा म्हणून स्वीकारू नये.

ही पार्यता म्हणजे काय? इंग्रजीत तिला पर्मिएबिलिटी म्हणतात. एखादा पदार्थ चुंबकीय रेषांना आपल्यातून किती सहज वाट देतो, याचे ते माप. हवेची सापेक्ष पार्यता जवळजवळ १. तांबे, ॲल्युमिनियम, लाकूड, पाणी हेही १ च्याच आसपास. लोखंडाची मात्र शेकड्यांत, हजारांत. हा फरक आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतो. इंडक्शन शेगडीवर बिडाचा तवा तापतो आणि ॲल्युमिनियमचे पातेले थंड राहते. शेगडीची वारंवारता २५ किलोहर्ट्झ आणि लोखंडाची पार्यता २०० धरली, तर लोखंडी भांड्यात वीजप्रवाह वरच्या सुमारे ०.०७ मिलिमीटरच्या थरात एकवटतो. ॲल्युमिनियममध्ये तो अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पसरतो, आणि मुळात ॲल्युमिनियमचा विरोधही कमी. त्यामुळे लोखंडाच्या पृष्ठभागाचा विरोध ॲल्युमिनियमच्या पंचवीसपटींहून जास्त भरतो आणि उष्णता तिथे निर्माण होते. भांडे विकत घेताना बुडाला चुंबक लावून पाहणारी गृहिणी खरे तर पार्यतेचीच चाचणी करत असते. सॉफ्टवेअरपुढे बसलेल्या अभियंत्याकडून तेवढीच अपेक्षा आहे.

अडचण अशी, की लोखंडाला ‘एक’ पार्यता नसतेच. हे आजचे ज्ञान नाही. १८७३ साली हेन्री रोलंड या तरुण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने लोखंड, पोलाद आणि निकेलची पार्यता मोजून दाखवली. अमेरिकेतल्या विज्ञान नियतकालिकाने त्याचे लेखन नाकारले. त्याने ते थेट जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांना पाठवले आणि मॅक्सवेल यांनी त्याचे मोल ओळखून ते ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आणले. रोलंडने दाखवले होते ते असे: चुंबकीय बळ वाढवत नेले की पार्यता आधी वाढते, एका शिखरावर पोहोचते आणि मग उतरू लागते. त्यानंतर थोड्याच वर्षांत जपानमध्ये शिकवत असलेल्या जेम्स ॲल्फ्रेड यूइंग यांनी लोखंडाच्या मागे रेंगाळण्याच्या सवयीला ‘हिस्टेरिसिस’ हे नाव दिले. बळ कमी केले तरी लोखंड आल्या वाटेने परत जात नाही. आधी काय घडले ते त्याच्या लक्षात असते. १८९२ साली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी या रेंगाळण्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेचे सूत्र मांडले. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी जे कळले होते, ते आज एका चौकटीतला एक आकडा पुसून टाकतो.

साध्या पोलादाचे उदाहरण घ्या. अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रात त्याची सापेक्ष पार्यता काहीशे असते, मध्यम क्षेत्रात ती काही हजारांवर जाते. क्षेत्र आणखी वाढले की पोलाद ‘भरते’. त्यातले जवळपास सगळे सूक्ष्म चुंबक एका दिशेला वळलेले असतात, नव्या रेषांना मदत करायला कोणी शिल्लक राहत नाही. शुद्ध लोखंडासाठी ही मर्यादा २.१५ टेस्लाच्या आसपास आहे. चार्जरमधल्या फेराइटसाठी ती अर्ध्या टेस्लाच्या आत आहे, आणि संवेदनशील उपकरणांभोवती लावतात त्या म्यू-मेटलसाठी पाऊण टेस्लाच्या जवळपास. मर्यादेपलीकडे जोर लावत गेलो, तर पदार्थ हळूहळू हवेसारखाच वागू लागतो.

एवढ्यावर संपत नाही. ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्यात वापरतात त्या दाणेदिशित सिलिकॉन पोलादाची, म्हणजे सीआरजीओ पत्र्याची, पार्यता लाटण्याच्या दिशेने भरपूर आणि आडव्या दिशेने बरीच कमी असते. तापमान वाढले की पार्यता बदलते; लोखंड ७७० अंश सेल्सिअसला आपले लोहचुंबकत्वच गमावते. वारंवारता वाढली की बदलते. पत्रा कापला, ठोकला, वाकवला की कापलेल्या कडेजवळची पार्यता घसरते आणि नीट तापवून शांतपणे थंड केले की बरीचशी परत येते. म्हणून कारखान्याच्या माहितीपत्रकातला पत्रा आणि प्रेसखालून निघालेली पत्ती या चुंबकीय दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू असतात.

सॉफ्टवेअरला हे सगळे माहीत नाही असे नाही. डेव्हिड मीकर यांनी लिहिलेले आणि मोफत मिळणारे एफईएमएम असो, की महागडी ॲन्सिस मॅक्सवेल आणि कॉमसॉल असोत. सगळ्यांत एका आकड्याऐवजी अख्खा बी-एच वक्र भरण्याची सोय आहे. किती बळाला किती चुंबकीय घनता, अशा जोड्यांची ती यादी. दिशेनुसार वेगळे आकडे देता येतात, पत्र्यांच्या थप्पीत लोखंड किती आणि मधले वार्निश किती हेही सांगता येते. पदार्थ आपल्या हाताने घडवण्याची ही मुभा मला अत्यंत आवश्यक वाटते. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या यादीत प्रामुख्याने परदेशी प्रमाणांची पोलादे असतात. आपल्या बाजारात मिळणारा पत्रा त्यात असेलच याची खात्री नाही. नवा पदार्थ भरू नका असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे कपडे घाला असे म्हणणे. माझा आक्षेप आहे तो माप न घेता कापड बेतण्याला.

त्यातही एक खाच आहे, ती अनेकांच्या नजरेतून सुटते. समजा, माहितीपत्रकातला वक्र १.६ टेस्लापर्यंतच दिलेला आहे आणि आराखड्यात एखाद्या कोपऱ्यात १.९ टेस्ला येतात. शेवटच्या बिंदूपुढे काय करायचे हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवते. पूर्ण भरलेल्या पोलादाच्या वक्राचा चढ अखेर हवेच्या चढाइतका व्हायला हवा. वक्र अर्धवट राहिला आणि पुढची रेघ आधीच्याच चढाने ओढली गेली, तर संगणकातले पोलाद कधी भरतच नाही. प्रत्यक्षात नसलेले पोलाद वापरून केलेला आराखडा कागदावर नेहमीच स्वस्त आणि हलका दिसतो.

आता दुसरी बाजू. अनुभवी अभियंते म्हणतात, ‘एवढा काथ्याकूट कशाला? मोटरमध्ये हवेची फट असते, तिच्यापुढे लोखंडाच्या पार्यतेचा फारसा प्रभाव पडत नाही.’ हे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे आणि त्याचा हिशेब सोपा आहे. चुंबकीय वाट लोखंडातून ५०० मिलिमीटर आणि हवेतून १ मिलिमीटर आहे असे धरा. पार्यता २००० असेल तर ते लोखंड पाव मिलिमीटर हवेइतका अडथळा करते. एकूण सव्वा मिलिमीटर. पार्यता दुप्पट, म्हणजे ४००० केली, तर एकूण १.१२५ मिलिमीटर. पार्यतेत शंभर टक्के फरक पडूनही उत्तरात दहा टक्केच फरक पडला. दोन आराखड्यांची नुसती तुलना करायची असेल, तर यादीतले तयार पोलाद चालून जाते. पण तेच लोखंड भरत जाऊन पार्यता १०० वर आली, तर त्याचा अडथळा ५ मिलिमीटर हवेइतका होतो आणि १ मिलिमीटरची फट त्यापुढे किरकोळ ठरते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरी कमी वजनात जास्त जोर मिळवण्यासाठी याच भरत्या टोकाजवळ चालवतात. म्हणजे ‘फरक पडत नाही’ हा नियम जिथे सर्वांत हवा असतो, तिथेच तो साथ सोडतो.

ट्रान्स्फॉर्मरमध्ये तर मुद्दाम ठेवलेली फटच नसते. गावात ज्याला आपण डीपी म्हणतो आणि सरकारी कागदात जे रोहित्र असते, त्याचा गाभा सलग बंद असतो. सीआरजीओ पत्र्याची पार्यता लाटण्याच्या दिशेने चांगल्या अवस्थेत दहा हजारांच्या वर असते. तोच पत्रा मीटरमागे ८०० अँपिअर इतक्या बळाखाली साधारण १.८५ टेस्लाला पोहोचतो, तेव्हा पार्यतेचा हिशेब सुमारे अठराशेवर आलेला असतो. रोहित्राचा आराखडा १.७ टेस्लावर केला असेल आणि रात्री भार उतरल्यावर दाब दहा टक्के वाढला, तर गाभ्यातली घनता १.८७ टेस्ला होते. वक्राच्या या भागात चुंबकन-प्रवाह टक्क्यांनी वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो; गाभा गुरगुरतो, तापतो. पार्यता कायम धरून केलेल्या गणितात मात्र हा प्रवाह फक्त दहा टक्केच वाढलेला दिसतो.

आणि पार्यता बरोबर भरली म्हणजे ऊर्जेच्या नासाडीचा हिशेब आपोआप बरोबर येतो, असेही नाही. हिस्टेरिसिसच्या फासात वाया जाणारी ऊर्जा आणि पत्र्यातले भोवरे-प्रवाह यांची मापे वेगळी द्यावी लागतात. ती किती महत्त्वाची? रोहित्र चोवीस तास, वर्षाचे ८७६० तास जोडलेले असते. कोणी दिवा लावो वा न लावो, गाभा वीज खातच असतो. समजा गाभा १०० किलोचा आहे. अहवालात किलोमागे १ वॅट नासाडी गृहीत धरली आणि प्रत्यक्ष बसवलेला पत्रा दीड वॅटचा निघाला, तर एका रोहित्रामागे वर्षाला ४३८ युनिट जादा जातात. पंचवीस वर्षे ते रोहित्र खांबावर राहिले, तर जवळजवळ अकरा हजार युनिट. हे बिल शेवटी ग्राहकच भरतो, पण त्याच्या बिलावर त्याची वेगळी ओळ नसते.

हा धोका आपल्याकडे काल्पनिक नाही. भारताच्या सीआरजीओ गरजेचा मोठा भाग आयातीवर भागतो. मोडीत काढलेल्या ट्रान्स्फॉर्मरमधला जुना पत्रा पुन्हा कापून वापरण्याचा प्रश्न या उद्योगात वर्षानुवर्षे चर्चेत आहे, आणि म्हणूनच या पोलादाला भारतीय मानक आयएस ३०२४ आणि गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश लागू झाले. नाशिकजवळ सीआरजीओ बनवणारा कारखाना आहे. २०२५ साली तो जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या संयुक्त कंपनीकडे आला. महाराष्ट्राच्या मातीत हा पत्रा बनत असेल, तर त्याचे मोजलेले वक्र महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या संगणकावर सहज मिळावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आरोग्याच्या बाजूने पाहू. एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र खोलीबाहेर फार पसरू नये म्हणून गरजेप्रमाणे भिंतींत पोलादी पत्रे बसवतात. ५ गॉसची सीमारेषा ही वर्षानुवर्षे वापरली गेलेली खूण आहे. पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दहापट. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तिच्या आत जाऊ नये, असा तो संकेत. आता एक ढोबळ हिशेब करा. भिंतीच्या दीड मीटर भागावर सरासरी २ मिलिटेस्ला क्षेत्र पडते आणि त्या सगळ्या रेषा वळून २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून जायच्या आहेत. पत्र्यातली घनता दीड टेस्ला होईल, जमण्यासारखे आहे. भिंतीवर ४ मिलिटेस्ला असतील, तर ३ टेस्ला लागतील. एवढे वाहून नेणारे पोलाद जगात नाही. उरलेल्या रेषा भिंतीपलीकडे जातील, जिथे कदाचित प्रतीक्षाकक्षातला बाक असेल. पार्यता ४००० कायम धरणारा संगणक मात्र ३ टेस्ला बिनतक्रार पत्र्यात कोंबतो आणि पलीकडचा बाक सुरक्षित रंगात रंगवतो. म्हणूनच यंत्र बसल्यावर गॉसमीटर घेऊन प्रत्यक्ष मोजणी करतात. ती मोजणी आहे म्हणून आपण निर्धास्त राहायचे, पण मोजणीत चूक कळेपर्यंत भिंत बांधून झालेली असते.

मानवी शरीराची गोष्ट याच्या उलट आहे. रक्त, स्नायू, मेंदू यांची सापेक्ष पार्यता जवळजवळ १ आहे. तिथे आकडा घडवायला वावच नाही; शरीराच्या प्रतिकृतीत अभियंत्याला काळजी करावी लागते ती उतींच्या विद्युतवाहकतेची. चुंबकीय क्षेत्र शरीरातून जवळपास न अडता जाते, म्हणून तर एमआरआय शक्य होते. रक्तातल्या लोहामुळे चुंबकीय कडे किंवा चुंबकीय गादी रक्त ‘खेचते’ असे सांगणाऱ्या जाहिराती याच ठिकाणी उघड्या पडतात. हिमोग्लोबिनमधले लोह लोखंडाच्या तुकड्यासारखे वागत नाही. प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकलले जाते आणि प्राणवायू सोडलेले किंचित ओढले जाते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी १९३६ साली दाखवले. तो फरक इतका सूक्ष्म आहे, की तो टिपायला एमआरआयसारखे यंत्र लागते.

मोजमाप महाग असते, ही तक्रार मला मान्य नाही. प्रमाणित मोजणीसाठी एप्स्टाइन चौकट लागते. ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या रचून चौकोनी गाभा करायचा आणि त्याची चाचणी घ्यायची, अशी ती जुनी, भरवशाची पद्धत. प्रत्येक महाविद्यालयाला ती घेणे जमणार नाही, हे खरे. पण पत्र्याची एक कडी, तिच्यावर तारेच्या दोन गुंडाळ्या, एक रोध, एक धारित्र आणि ऑसिलोस्कोप एवढ्यावर बी-एच फास पडद्यावर दिसतो. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत हा प्रयोग जुनाच आहे. फक्त तो जर्नलमध्ये लिहून सही घेण्यापुरता उरतो, आणि त्याच इमारतीतल्या संगणक कक्षात तोच विद्यार्थी पार्यतेच्या चौकटीत ४००० टाकतो. या दोन खोल्यांमधला दरवाजा उघडायला पैसे लागत नाहीत.

आणखी एक सवय मोडायला हवी. उत्तर प्रयोगाशी जुळत नाही म्हटल्यावर जुळेपर्यंत पार्यता हलवत राहायची, आणि मग ‘प्रतिकृती पडताळली’ असे लिहायचे. एका मोजणीवर आकडा बसवला, तर तो दुसऱ्या, वेगळ्या मोजणीवर टिकतो का हे पाहिले पाहिजे. जागतिक पातळीवर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ‘टीम’ या नावाने कसोटीची उदाहरणे उपलब्ध आहेत. त्यांपैकी अनेकांत वस्तूची मापे, पोलादाचा वक्र आणि प्रत्यक्ष मोजलेली उत्तरे दिलेली असतात. आपले सॉफ्टवेअर आणि आपला हात दोन्ही त्यावर तपासता येतात.

म्हणून माझी मागणी तीन ओळींची आहे. विद्यापीठांनी प्रकल्प अहवालात आणि वीज कंपन्यांनी निविदेत प्रत्येक चुंबकीय पदार्थासमोर हे लिहिणे सक्तीचे करावे: वक्र कोणी, कशावर मोजला; कोणत्या तापमानाला, कोणत्या वारंवारतेला आणि कापण्यापूर्वी की नंतर; शेवटच्या बिंदूपुढे काय गृहीत धरले. उत्तर ‘सॉफ्टवेअरच्या यादीतून घेतला’ असे असले तरी चालेल, पण ते लिहिलेले असावे. आणि सरकारी पैशातून झालेल्या मोजण्यांचे वक्र सर्वांना मोफत मिळावेत. रिवाइंडिंगच्या दुकानात जुनी गुंडाळी बेफाम जाळून काढल्यावर मोटरीच्या पत्तीवरील वार्निशचे आणि नासाडीचे काय होते, अशा आपल्याच प्रश्नांची मापे त्यात यावीत.

२० मे २०१९ पर्यंत निर्वात पोकळीच्या पार्यतेचा आकडा व्याख्येनेच ठरलेला होता. एककांची पद्धत बदलली आणि त्या दिवसापासून तो मोजून काढायचा आकडा झाला. आज तो देताना शास्त्रज्ञ सोबत अनिश्चितताही देतात. दहा अब्जांत एक-दोन भागांची. जिथे काहीच नाही त्या पोकळीबद्दल विज्ञान इतके काटेकोर आहे. भंगारातून आलेल्या, कापलेल्या, ठोकलेल्या पत्र्याबद्दल आपण निदान तो कुठला, एवढे तरी लिहावे.